जयवंतीच्या उसन्या पाटल्या

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने.

मी, उर्सुला, मार्सेल तुस्कानो यांची विधवा, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा पूर्वी बेकरी व हल्ली घरगुती केक-बिस्किटे, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून माझ्याच हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने येऊन माझ्याशी भांडून पाहावे. हृदय तेवढे ठिकाणावर नाही असे डॉक्टर म्हणतात, म्हणून ही घाई. मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. माझा मुलगा वॉल्टर याने दडपण आणून पाहिले, ते पुढे येईलच.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोर्टाने मला नादार ठरवले होते, आणि नादार बाईने काय वाटायचे, कपाळ?

कलम १. माझी माती. मला आपल्या देवळाच्या आवारात मार्सेलच्या शेजारी ठेवावे. पेटी साधी आंब्याच्या लाकडाची करावी. मयताला आलेल्या लोकांना चहा आणि पाव द्यावा, आणि पाव भट्टीतला असावा. मुंबईहून येतो तो मेणकागदातला कापलेला पाव माझ्या मयताला आणला तर मी उठून बसेन, हे लक्षात ठेवावे. त्या पावाने माझा धंदा बुडवला आहे.

कलम २. घर. राहते घर, पुढची ओटी, मागची वाडी आणि वाडीतली नारळाची झाडे मी वॉल्टरला देते. हे घर नादारीतून वाचले ते माझ्या हुशारीने नव्हे. ते तेव्हा सासूबाईंच्या नावावर होते, म्हणून कोर्टाला त्याला हात लावता आला नाही. सासूबाईंशी माझे कधी पटले नाही. पाव फुगला नाही तर त्या शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवायच्या. पण मरताना घर माझ्या नावे करून गेल्या आणि म्हणाल्या, "तुला राह्याला कुठं जागा आहे, गो?" त्यांच्या नावाने दर वर्षी देवळात एक मिस्सेची प्रार्थना व्हावी. खर्च वॉल्टरने करावा, कुरकुर न करता.

सून फ्लॉसी हिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ती पाव फ्रिजमध्ये ठेवते, ते तिचे तिने देवाला सांगावे.

कलम ३. विहीर. मागच्या वाडीतली विहीर अर्धी आमची आणि अर्धी शेजारच्या चुरी कुटुंबाची आहे. काशिनाथ चुरी वारले, आता त्यांची बायको जयवंती आहे. आमच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत, सकाळ त्यांची, दुपारनंतर आमची, आणि त्या कोणी कधी कागदावर लिहिलेल्या नाहीत. वॉल्टरने किंवा त्याच्या मुलांनी ह्या विहिरीचे पाणी टँकरवाल्याला विकू नये. स्टेशनजवळ बिल्डिंगी उभ्या राहतात, त्यांना पाणी लागते, हे मला कळते. पण चार वाड्या पलीकडची विहीर उपसून उपसून खारी झाली, तिथली केळ आता अंगठ्याएवढी येते.

ह्या विहिरीवर पूर्वी रहाट होता. पहाटे मी भट्टी पेटवायची तेव्हा काशिनाथचा रेडा फिरायला लागायचा आणि रहाटाची करकर ऐकत मी पीठ मळायची. थोड्या वेळाने वईच्या फटीतून जयवंतीचे तोंड दिसायचे. वई म्हणजे आमच्या दोन वाड्यांमधले मेंदीचे कुंपण. तिच्या हातात अळूची पाने नाहीतर चार वांगी, माझ्या हातात पहिल्या घाण्याचे गरम पाव. ती पाव पदरात घेऊन तिथेच उभी राहून खायची. तिच्या सासूला आमचा पाव चालत नसे, म्हणून घरी न्यायची सोय नव्हती. आमचे अर्धे आयुष्य त्या वईपाशी उभ्याने गेले. आता पंप आहे, बटण दाबले की पाणी. मला त्या करकरीची फार आठवण येते.

कलम ४. बेकरीची हत्यारे. मोठी परात, पिठाच्या फळ्या, साचे, आणि भट्टीतून पाव काढायची लांब दांड्याची फळी हे सर्व मी माझी भाची कॅथरिन हिला देते. ती एकटीच आहे जी पीठ हाताला लागल्यावर तोंड वाकडे करत नाही. ही हत्यारे नादारीत माझ्याकडेच राहिली. कारागिराचे हत्यार आणि बाईची भांडी जप्त करता येत नाहीत असा कायदा आहे. कायद्यात एवढी एक गोष्ट मला शहाणपणाची दिसली.

कॅथरिन, पाव चढवायला ताडीच घाल. पुडीतले यीस्ट घालून केलेल्या पावाला नुसती हवा असते. नाताळच्या आधीच्या आठवड्यात भट्टी थंड होऊ द्यायची नाही. दिवाळीच्या आधी हिंदू बाया नानकटाईची ताटे घेऊन यायच्या, सगळ्या गावाची. प्रत्येकीला वाटायचे आपलेच ताट आधी जावे. ताटाच्या काठावर कोळशाने खुणा केलेल्या असायच्या, कोणाची फुली, कोणाची चांदणी. जयवंतीच्या ताटाला खूण नसायची. ती म्हणायची, "माझी नानकटाई तुला कळत नाय तर खूण काय कामाची?" आणि मला कळायची. तिची तुपाने फाटलेली असायची.

कलम ५. माझी देणी, आणि त्यांतली कोणती मी पुन्हा कबूल केली व कोणती केली नाहीत याविषयी. हे कलम मोठे आहे. वॉल्टरला वाटते मी म्हातारपणी खुळावले, कोर्टाने माफ केलेली देणी फेडत बसले. म्हणून सविस्तर लिहिते.

मार्सेल गेल्यावर बेकरी मी चालवली. चालत होती. मग लोक म्हणाले यंत्र घ्या, पीठ मळायचे, मुंबईच्या पावाशी टक्कर द्यायची तर हाताने कसे जमणार? मी यंत्र घेतले. यंत्र आले आणि वीज गेली. वीज आली तेव्हा मैद्यावर कंट्रोल आला. मैदा मिळाला तेव्हा साखर नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, माझे अंथरूणच कोणीतरी ओढत होते. पतपेढीचे कर्ज काढले, त्याला आमच्या शाळेचे युजीन लोपीस मास्तर जामीन राहिले. मैद्याच्या व्यापाऱ्याची उधारी चढली. भट्टीच्या लाकडांची उधारी चढली. पंचाहत्तर साली मी भट्टी विझवली आणि ठाण्याला जाऊन नादारीचा अर्ज केला.

वकील भला माणूस होता. म्हणाला, "बाई, सगळी देणी अर्जात लिहा. आहे ते कोर्ट वाटून टाकेल आणि तुम्हाला मोकळं करील. पण मोकळ्या झालात की चार घरी जाऊन उदारपणा करू नका. पुसलेलं देणं तुम्ही परत कबूल केलंत, कागदावर सही केलीत, की ते नवीन कर्ज. मग कोर्टसुद्धा वाचवणार नाही."

त्याचे म्हणणे बरोबर होते. सत्त्याहत्तरला हुकूम हातात पडला तेव्हा मी मोकळी होते, कोणाचा एक पैसा देणे लागत नव्हते. लोकांना वाटते अशा वेळी झोप चांगली लागते. मला कोणाच्या दारावरून जाता येईना. देवळात माझी नणंद आग्नेस माझ्या शेजारून उठून पुढच्या बाकावर बसली आणि सगळ्यांना ऐकू येईल असे म्हणाली, "दिवाळं वाजवून मेणबत्त्या लावतात." आग्नेसला मी ह्या मृत्युपत्राने काही ठेवलेले नाही. तिने पुढच्याच बाकावर बसावे.

तेव्हा मी एकेक देणे घेऊन विचार केला.

यंत्र ज्यांचे त्यांनी नेले. तो विषय संपला.

मैद्याच्या व्यापाऱ्याचे देणे मी पुन्हा कबूल केले नाही, आणि माझ्या वारसांनीही करू नये. तो किडा लागलेला मैदा चांगल्याच्या भावाने द्यायचा आणि वर म्हणायचा, चाळून घ्या. त्याला कोर्टाच्या वाटपात जे मिळाले ते पुष्कळ झाले.

शत्रुघ्न लाकूडवाला कामणच्या बाजूचा. तो बैलगाडी घेऊन आला आणि माझ्या दारात उभा राहून ओरडला, "बाये, तुझा जज्ज आलेला काय लाकडं फोडायला?" शिव्या दिल्या, माझ्या बापापर्यंत गेला. मग पाणी मागितले, प्यायला आणि ओटीवर बसून राहिला. त्याचे मी तिथल्या तिथे कबूल केले. वकिलाला सांगितले नाही. घरात पत्र्याच्या डब्याची छोटी भट्टी केली, बिस्किटे विकली आणि त्याचे फेडले. ज्याने तोंडावर शिव्या दिल्या त्याचे फेडावेसे वाटते, नोटीस पाठवणाऱ्याचे वाटत नाही, माझा स्वभावच तसा.

युजीन मास्तरांचे तर फेडायलाच हवे होते. कोर्ट कर्जदाराला सोडते, जामीनदाराला सोडत नाही. हे मला अर्ज केल्यावर कळले. मी मोकळी झाले आणि पतपेढीने मास्तरांच्या पगारातून कापायला सुरुवात केली. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. त्यांची बायको बोलली, आणि तिने बोलायलाच हवे होते. त्यांचे सर्व पैसे मी परत केले आहेत, आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाचा तीन मजली केक माझ्याकडून होता. ते आता काही मागत नाहीत. त्यांचा शेरा घ्यायचा तर घ्यावा.

राहिले जयवंतीचे.

कलम ६. जयवंतीच्या पाटल्या. वॉल्टर, हे नीट वाच, कारण तुला पूर्ण गोष्ट मी कधी सांगितली नाही.

बेकरी बुडायला लागली तेव्हा मी कोणाकडे काही मागितले नव्हते. एका सकाळी पाव घ्यायला जयवंती वईपाशी आली, माझे तोंड पाहिले आणि हातातल्या दोन पाटल्या काढू लागली. तिच्या आईने दिलेल्या सोन्याच्या पाटल्या. निघेनात, तिने थुंकी लावून काढल्या. म्हणाली, "ने. गहाण टाक. सोडवल्यास की दे. उसन्या देतंय तुला, कळलं ना?" काशिनाथला माहीत होते. तो पलीकडे केळीची पाने तोडत होता, त्याने मान वर केली नाही. मी त्या गहाण टाकल्या आणि मला त्या सोडवता आल्या नाहीत. पेढीवाल्याने विकल्या.

आता आमच्या गावात कर्ज वेगळे आणि उसने वेगळे. कर्ज पतपेढीचे असते, व्याजाचे असते. उसने शेजाऱ्याचे. वाटीभर मीठ, विरजण, केळीचे मुनवे लावायला, लग्नात घालायला हार. ज्याच्या हातून घेतले त्याच्या हातात द्यायचे. आज नाही दिले तर उद्या. त्याची मोजदाद ठेवली तर तो अपमान.

ठाण्याला वकिलाचा कारकून अर्ज लिहीत होता. त्याने विचारले, "आणखी कोणाचं देणं?" मी खरे बोलणारी बाई. म्हटले, "जयवंतीच्या पाटल्या."

"कर्जाऊ घेतल्या?"

"उसन्या."

"बाई, कायद्यात उसनं नसतं. एकतर कर्ज, नाहीतर बक्षीस. बक्षीस दिल्या का त्यांनी?"

"छे हो! परत करायच्या आहेत."

"मग कर्ज. तिसरा रकाना नाही." आणि त्याने लिहिले.

कोर्टाची नोटीस पोस्टमनने तिच्या ओटीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. "धनको जयवंती काशिनाथ चुरी यांस." तिला धनको शब्द माहीत नव्हता. तिने युजीन मास्तरांना विचारले. मास्तर पडले मास्तर, त्यांनी अर्थ सांगितला, कर्ज देणारा, म्हणजे सावकार. आणि ते दिवस आणीबाणीचे. सावकारांवर धाडी पडत होत्या. कोणीतरी चुगली केली आणि चुरींच्या दारात चौकशीला माणूस आला, सावकारीचा परवाना आहे का म्हणून. काशिनाथला दोन वेळा वसईला जाऊन बसावे लागले. बाजारात लोक त्याला चिडवायचे, "बायको व्याज किती घेते?"

जयवंती वईपाशी आली. मला अजून तिचा आवाज ऐकू येतो. "उर्सुला, मी तुझी धनको? मी सावकारीन गो?" मी सांगायला लागले, कारकून, रकाना, कायदा. ती ऐकायला थांबली नाही. कोर्टात हजर राहिली असती तर वाटपात तिला थोडे तरी मिळाले असते. ती गेली नाही. "माझं कायच लागत नाय तिच्याकडं" म्हणाली.

त्या दिवसापासून अकरा वर्षे जयवंती माझ्याशी बोललेली नाही. तिची पाळी संपली की पंपाची किल्ली वईच्या खुंट्याला अडकवून जाते. काशिनाथ वारला तेव्हा मी गेले, तिने मला पाणी दिले, शब्द दिला नाही. मी घरच्या डब्याच्या भट्टीत भाजून दिली असती, पण दिवाळीची नानकटाई ती आगाशीच्या बेकरीत नेऊन भाजून आणते, बसमधून, ताट मांडीवर घेऊन. वॉल्टर, नादार झाले तेव्हा मी रडले नाही. ते ताट बसमध्ये चढताना पाहिले तेव्हा रडले.

कोर्टाने मोकळी केल्यावर मी वकिलाच्या मनाविरुद्ध त्याच्याकडूनच एक कागद करून घेतला. हे देणे माफ झाले असले तरी मी पुन्हा कबूल करते, असा. स्टॅम्पसकट. मला वाटले, कागदाने बिघडले ते कागदाने सुधारेल. मास्तरांना बरोबर घेऊन मी तो तिच्याकडे नेला. जयवंतीने कागद हातात घेतला, घडी केली आणि परत माझ्या हातात ठेवला. युजीन मास्तरांना म्हणाली, मला नव्हे, "तिला सांगा, कागद केला की ते कर्ज झालं. उसनं तोंडाचं असतं."

मग मी बिस्किटांच्या पैशातून तशाच पाटल्या घडवून घेतल्या. सोनाराला नक्षी तोंडाने सांगितली, काठाला दाणे, मधे वेल. तयार झाल्या तेव्हा वॉल्टर, तुझ्या हाती पाठवल्या. तुला वाटले होते त्या माझ्या आहेत आणि मी दान करायला निघाले. जयवंतीने दारातून तुला सांगितले, "सांग तुझ्या आयला, धनको घरात नाय." तू हसत परत आलास. मी हसले नाही. पुन्हा मी गेले नाही, कारण माझेही नाक काही लहान नाही.

गेल्या रविवारी तू म्हणालास, "आय, कायद्याने तुझं काही देणं नाही. ती घेत पण नाही. त्या पाटल्या सुझानच्या लग्नाला ठेव." सुझान माझी नात, माझा जीव आहे. तिला माझी कानातली आणि पोस्टातले सगळे पैसे मी ह्या मृत्युपत्राने देते. पण पाटल्या देत नाही. त्या माझ्या नाहीत तर देऊ कशा?

म्हणून असे लिहिते. माझ्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेल्या दोन सोन्याच्या पाटल्या माझ्या पश्चात सौ. (आता श्रीमती) जयवंती काशिनाथ चुरी हिला द्याव्यात. कोर्टाने हे देणे पुसले आहे. मी ते पुसलेले नाही. तिने नाही म्हटले तर तिच्या उंबऱ्यावर ठेवून यावे. मला मरायची भीती नाही. ती न बोलता मी मरेन, याची आहे.

(इथपर्यंत शनिवारी लिहिले. पुढचे सोमवारी लिहीत आहे.)

काल युजीन मास्तर मसुदा तपासायला आले. त्यांची आणि डॉक्टरांची साक्ष घालायची असे ठरले होते. मास्तरांनी सहावे कलम दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि घरी जायला निघाले. जायचा रस्ता पुढून, हे गेले मागून, विहिरीवरून. सकाळ जयवंतीची पाळी. मास्तरांच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गिरीजला माहीत आहे.

मी भांडी घासत होते. मागच्या दाराने जयवंती आत आली, पाय ओले, पदर खोचलेला. मास्तर तिच्या मागे.

"माझं नाव परत कागदावर घातलंस?"

अकरा वर्षांनी पहिले वाक्य, आणि तेही भांडणाचे! मला इतका आनंद झाला की हातातली परात घसरली.

"घातलं," मी म्हटले. "जितेपणी घेत नाहीस, मेल्यावर तरी घेशील."

"मेल्यावर उसनं कोन देतं? मेल्यावर देतात ते वाटप. मी काय तुझी वारस?"

"मग पाठवल्या तेव्हा का नाही घेतल्यास?"

"पोराच्या हाती पाठवल्यास! मी तुझ्या पोराला दिलेल्या काय? तुझ्या हातात दिलेल्या, वईवरून. तू एकदा तरी घेऊन आलीस? कागद घेऊन आलीस. पाटल्या घेऊन नाय आलीस."

तिचे खरे होते. मीच वर लिहिले आहे, ज्याच्या हातून घेतले त्याच्या हातात द्यायचे. शनिवारी लिहिताना माझ्या ध्यानात आले नाही.

"हे तेव्हाच सांगायचंस गं."

"तू विचारलंस?" ती म्हणाली. "काशिनाथ गेला तेव्हा तू आलीस. मला वाटलं आता आनशील. तू पानी प्यालीस नि गेलीस."

मी ट्रंक उघडली. लाल फडक्याची गाठ सोडली. आम्ही दोघी मागच्या दाराने वईपाशी गेलो. ती फटीतून पलीकडे गेली आणि तिने हात पुढे केले. पाटल्या चढेनात. तिचे हात आता कामाने जाड झालेत आणि मी माप जुने धरले होते. मी खोबरेल तेल आणले. "हळू गो, मोडशील," ती म्हणाली. "सोनं मोडत नाही." "हात म्हनतंय मी!" आणि आम्ही दोघी हसायला लागलो, म्हातार्‍या, वईच्या दोन बाजूंना, आणि रडलोही. मास्तर विहिरीत डोकावून पाणी पाहत होते.

मग ती मास्तरांना म्हणाली, "आता माझं नाव खोडा तिथून."

मास्तर म्हणाले, "खोडाखोड नको, उद्या कोणी शंका काढील. दुसरा मार्ग आहे. मृत्युपत्रावर जो साक्ष घालतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याच्या नावे काही ठेवलेलं असलं तर ते रद्द. कायदाच आहे तसा. तुम्ही साक्ष घाला, कलम आपोआप मेलं."

"मला कायच मिळनार नाय?"

"काहीच नाही."

"मग मी घालते," जयवंती म्हणाली. डॉक्टरांना निरोप पाठवला, येऊ नका म्हणून.

तेव्हा कलम ६ वाचावे, पण त्याप्रमाणे काही करू नये. सगळे झालेले आहे. सुझानला सांगावे की तिच्या लग्नात शेजारची आजी पाटल्या घालून पुढच्या रांगेत बसेल, आणि तिला तिथून कोणी उठवू नये, आग्नेसने तर मुळीच नाही.

कलम ७ व शेवटचे. काल जाता जाता जयवंती वईच्या फटीत थांबली. म्हणाली, "उर्सुला, वाटीभर साखर दे. उसनी."

मी म्हटले, "घरात साखर नाही?"

"हाय," ती म्हणाली. "तू दे."

मी वाटी शिगोशीग भरून दिली. ही साखर जयवंतीकडे माझी उसनी आहे. माझ्या वारसांनी ती कधीही मागू नये. तिने आणून दिली तर नको म्हणू नये, घ्यावी, आणि वाटी रिकामी परत पाठवू नये.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, राजीखुशीने, खाली नावे दिलेल्या दोघांच्या समोर सही केले, आणि त्या दोघांनी माझ्या समोर साक्ष घातली.

गिरीज, तालुका वसई.
सोमवार, दिनांक २७ ऑक्टोबर १९८६.

सही: उर्सुला मार्सेल तुस्कानो

साक्षीदार:

१) युजीन लोपीस, निवृत्त शिक्षक, राहणार गिरीज. मृत्युपत्र करणारीशी संबंध: पूर्वीचा जामीनदार.

२) जयवंती काशिनाथ चुरी, राहणार गिरीज. मृत्युपत्र करणारीशी संबंध: शेजारीण.